नाशिकचे 8.4 लाख की मुंबईचे 14.4 लाख?

प्रश्न थोडक्यात असा: वय 33, नाशिकला सातपूरच्या एका स्विचगिअर कारखान्यात डिझाइन इंजिनियर, सीटीसी (कंपनीला माझ्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च) 8.4 लाख, सहा दिवसांचा आठवडा. इंदिरानगरात वडिलांचं घर आहे, आईवडील सोबत राहतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे, पगार 18,000. मुलगी चार वर्षांची, दिवसा आजी-आजोबांकडे असते. अंधेरी पूर्वेतल्या एका कन्सल्टन्सीने 14.4 लाख देऊ केले आहेत, पाच दिवसांचा आठवडा, पगारातला दहा टक्के भाग व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारा). राहायला डोंबिवली बघावी असा विचार आहे. नोकरीला 4 वर्षं 7 महिने झाली. जावं का?

हो किंवा नाही सांगण्याआधी आकडे नीट मांडू, कारण तुमच्या प्रश्नातला 14.4 हा आकडा तुमच्या घरात कधीच येणार नाही. पगार एकाच्या नावावर येतो, पण खर्च आणि तास चौघांच्या-पाचांच्या वाट्याला येतात. म्हणून हिशेब घराचा करायचा, तुमच्या एकट्याचा नाही.

आधी हातात येणारा पैसा. आत्ताचे 8.4 लाख म्हणजे महिना 70,000. मूळ वेतन निम्मं, 35,000 धरू. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे आता निम्मं धरणं व्यवहाराला जवळचं आहे. सीटीसीतून कंपनीचा पीएफ 12 टक्के म्हणजे 4,200 आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाची) तरतूद 4.81 टक्के म्हणजे 1,684 वजा होते. उरतात 64,116. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 4,200 आणि व्यवसाय कर 200. हातात 59,716. प्राप्तिकर शून्य, कारण नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्यावर येतो, शिवाय पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट आहे.

आता नवी ऑफर. 14.4 लाखांतले 1,44,000 व्हेरिएबल. ते बाजूला ठेवा, दर महिन्याच्या हिशेबात ते धरायचेच नाहीत. उरले 12.96 लाख, महिना 1,08,000. मूळ वेतन 54,000. कंपनीचा पीएफ 6,480, ग्रॅच्युइटी 2,597, गटविम्याचा हप्ता बहुतेक ठिकाणी सीटीसीतच घालतात तो 1,000 धरला, तर उरतात 97,923. तुमचा पीएफ 6,480 आणि व्यवसाय कर 200 गेल्यावर हातात 91,243.

म्हणजे कागदावर पगार पावणेदोनपटीच्या जवळ गेला, महिन्याला 50,000 वाढले. हातातली वाढ मात्र 31,527. पीएफमध्ये दोन्ही बाजू मिळून महिन्याला 4,560 जास्त जमा होतील. तो पैसा तुमचाच आहे, पण त्यातून भाडं देता येत नाही. म्हणून तो वेगळ्या रकान्यात लिहा.

इथे एक बारीक गोष्ट ऑफर लेटरमध्ये बघून घ्या. पीएफ खऱ्या मूळ वेतनावर कापणार की 15,000 च्या मर्यादेवर? मर्यादेवर असेल तर तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 एवढेच कापले जातील आणि तीच सीटीसी असूनही हातात महिन्याला 9,360 जास्त दिसतील. दोन कंपन्यांच्या इन-हँड पगाराची तुलना करताना बहुतेकांची चूक होते ती इथेच. जास्त इन-हँड देणारी कंपनी उदार आहे असं नाही, ती तुमची बचत कमी करते आहे.

व्हेरिएबलचं गणित मुद्दाम उलगडून सांगतो, कारण तुमची ऑफर नेमकी 12 लाखांच्या उंबरठ्यावर उभी आहे. व्हेरिएबल सोडून तुमचा वर्षाचा ढोबळ पगार 11,75,076. त्यातून 75,000 वजा केले की करपात्र 11,00,076, कर शून्य. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर करपात्र उत्पन्न 12,44,076 होतं. 12 लाख ओलांडले की सूट जाते आणि स्लॅबनुसार कर 66,611 येतो. मात्र सीमेवरच्या माणसाला दिलासा आहे: कर 12 लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून कर 44,076, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 45,839. दीड लाखाच्या आसपासच्या व्हेरिएबलमधून हातात पडतात 98,161.

आता हेच व्हेरिएबल 80 टक्के मिळालं, म्हणजे 1,15,200, तर कर होतो 15,887 आणि हातात येतात 99,313. पूर्ण मिळण्यापेक्षा कमी मिळालं तर हातात जास्त! 12 लाखांपासून साधारण 12.7 लाखांपर्यंतच्या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया करात जातो, वर उपकर. यावर उपाय सोपा आहे. कंपनीला सीटीसीतलेच काही पैसे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) कंपनीचं योगदान म्हणून टाकायला सांगा. नव्या करप्रणालीतही मूळ वेतनाच्या 14 टक्क्यांपर्यंत हे योगदान करपात्र उत्पन्नातून वजा होतं. तुमच्यासाठी ती मर्यादा वर्षाला 90,720 आहे आणि गरज 44,076 ची, म्हणजे महिन्याला साधारण 3,700. तेवढं केलं तर व्हेरिएबल पूर्ण मिळूनही कर शून्य राहतो. पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो हे खरं, पण नाहीतर तो करात जाणारच होता. मात्र हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारायचं. पगाराचा आराखडा एकदा ठरला की कित्येक कंपन्या पुढच्या एप्रिलपर्यंत तो हलवत नाहीत. आणि भाडं देणार म्हणून घरभाड्याच्या सवलतीसाठी जुन्या करप्रणालीकडे वळायचा मोह झाला तर सोडून द्या. डोंबिवलीचं भाडं 22,000 धरलं तरी जुन्या प्रणालीत कर भरावाच लागतो, नव्यात शून्य आहे.

आता तास. सातपूरला तुम्ही दुचाकीने 20-25 मिनिटांत पोचता, दोन्ही वेळचे मिळून पाऊण तास. कारखान्याची पाळी जेवणासकट साडेआठ तास, महिन्याला 26 दिवस. एकूण 240.5 तास.

डोंबिवली ते चकाला (अंधेरी पूर्वेतलं मेट्रो स्टेशन) हे दारापासून दारापर्यंत मोजा, गुगलवरच्या वेळेवर जाऊ नका. घर ते स्टेशन शेअर रिक्षाने 15 मिनिटं. फलाटावर थांबणं, एखादी गाडी सोडणं 10 मिनिटं. घाटकोपरपर्यंत फास्ट लोकल 40 मिनिटं. घाटकोपरला पुलावरची गर्दी, जिना आणि मेट्रोची रांग 15 मिनिटं. मेट्रो 15, पुढे चालत 10. झाले पावणेदोन तास, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच. रोजचे साडेतीन तास प्रवास आणि नऊ तास ऑफिस, असे 22 दिवस: 275 तास.

नाशिकला हातातल्या 59,716 मधून पेट्रोलचे 1,500 वजा करा आणि 240.5 तासांनी भागा: तासाला 242 रुपये. मुंबईत 91,243 मधून भाड्याचे 22,000 आणि लोकल पास, मेट्रो, रिक्षा यांचे 2,500 वजा करा आणि 275 ने भागा: तासाला 243 रुपये.

सीटीसी पावणेदोनपट, इन-हँड दीडपट आणि तासाचा भाव जिथल्या तिथे. हा योगायोग तुमच्या आकड्यांचा आहे, पण छोट्या शहरातल्या स्वतःच्या घरातून मुंबईच्या भाड्याच्या घरात जाणाऱ्यांचं चित्र साधारण असंच निघतं. यात तुमच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे: शनिवार मोकळा मिळतो. सहा दिवसांच्या आठवड्यातून आलेल्या माणसाला ती किंमत कळते. पण सोमवार ते शुक्रवार मुलगी तुम्हाला फारशी जागी दिसणार नाही, हेही त्याच हिशेबात लिहा. सकाळी पावणेआठला घर सोडायचं आणि रात्री सव्वाआठला पोचायचं, तेही सगळं वेळेवर चाललं तर.

मग जवळ राहावं का? मुलुंड-ठाण्याला टू बीएचकेचं भाडं 38,000 धरलं तर रोजचे 70 मिनिटं वाचतात, महिन्याचे साधारण 26 तास. त्यासाठी प्रवासातली बचत वजा जाता 15,500 जास्त जातात. म्हणजे एक तास 600 रुपयांना विकत घेणं. तुम्ही स्वतःचा तास 243 ला विकताय. आकड्यांत हे बसत नाही. माझ्या मते तरीही ज्यांच्या घरात दोन वर्षांच्या आतलं मूल आहे किंवा पत्नीलाही त्याच दिशेने कामाला जायचं आहे त्यांनी ते 600 द्यावेत. तुमच्या बाबतीत आज तरी नाही.

आता घराचा ताळा, जो मांडताना बहुतेक जण स्वतःलाच फसवतात. हातातली वाढ 31,527. खर्चाच्या बाजूला भाडं 22,000. प्रवासाचा वाढीव खर्च 1,000. आज एका चुलीवर चालणारं घर दोन जागी होईल. दोन सिलिंडर, दोन वीजबिलं, दोन्हीकडे किराणा, दूध, कामवाली. नाशिकचा खर्च तुम्ही गेल्याने निम्मा होत नाही, थोडासाच कमी होतो. त्याचे निव्वळ 5,000 धरा. महिन्यातून दोनदा तिघांनी नाशिकला जाऊन येणं 3,000. डोंबिवलीतला भाजी, रिक्षा, सोसायटी, बाहेरचं खाणं असा वरचा फरक 3,000. बेरीज 34,000. इथेच तुम्ही 2,473 रुपयांनी मागे आहात, आणि पत्नीची नोकरी अजून हिशेबात आलीच नाही.

ती नोकरी सोडून आली तर महिन्याला 18,000 गेले, खड्डा 20,473 चा. तिला डोंबिवलीत 22,000 पगाराची शाळा मिळाली तर मुलीसाठी पाळणाघर लागेल, 6,000 धरा. तरी तुम्ही 4,473 ने मागेच. पीएफमधली वाढ तेवढीच आहे, म्हणून बरोबरी झाली असं म्हणता येईल. राहिलं व्हेरिएबल, महिन्याला सरासरी 8,000. तुमच्या ऑफरचा खरा नफा म्हणजे हे 8,000, आणि तेही पत्नीला तिथे नोकरी मिळाली तर आणि कंपनीने व्हेरिएबल दिलं तर.

भाड्याचे हे आकडे मी अंदाजे धरले आहेत, तुम्ही ते जागेवर जाऊन दुरुस्त करा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असलेलं घर आणि रिक्षाने वीस मिनिटांवरचं घर यांत मोठा फरक पडतो. भाडं 3,000 ने बदललं तर नफा 5,000 किंवा 11,000 होईल, चित्र बदलणार नाही. चित्र बदलणारी गोष्ट एकच आहे: पत्नीचं काम. म्हणून शोध तिच्या नोकरीपासून सुरू करायचा, घरापासून नव्हे. खासगी शाळांमधली भरती बहुतेक मार्च ते जून या काळात होते. मुलीच्या ज्युनिअर केजीचे प्रवेश मात्र बऱ्याच शाळांत डिसेंबर-जानेवारीतच सुरू होतात आणि मे महिन्यात गेलं की उरलेल्या जागा घ्याव्या लागतात. वर्षाच्या मध्यात गेलात तर एक पूर्ण वर्ष पत्नी घरी आणि मुलगी मिळेल त्या शाळेत, असं होण्याची शक्यता जास्त. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. सात-आठ वर्षं शिकवलेल्या बाईचं काम हे घरातलं जोडउत्पन्न नसतं. तिची शाळेतली ज्येष्ठता, तिचे विद्यार्थी, तिची ओळख हे सगळं मागे राहतं आणि नव्या शाळेत ती पुन्हा सगळ्यात धाकटी शिक्षिका होते. तिचं मत शेवटी विचारायचं नाही, पहिलं विचारायचं.

एकदाचा खर्चही धरा. डोंबिवलीत अनामत भाड्याच्या तीन-चारपट, म्हणजे 75,000 च्या आसपास. दलाली एक महिन्याचं भाडं. पहिलं भाडं. सामान हलवणं 20,000. लिव्ह अँड लायसन्स करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, शहरी भागात नोंदणी फी 1,000, वर एजंटची मजुरी. सगळं मिळून 1.4 लाखांच्या वर जातं. अनामत परत मिळते, बाकीचं नाही. अकरा महिन्यांनी घर बदलावं लागलं तर दलाली आणि टेम्पो पुन्हा. करारात भाडेवाढ किती टक्के आणि घर सोडायची सूचना किती दिवसांची, हे दोन आकडे वाचल्याशिवाय अंगठा लावू नका.

आरोग्यविमा हा मुद्दा लोक विसरतात. आत्ताच्या कंपनीच्या गटविम्यात आईवडील आहेत का ते बघा. नव्या कंपनीत पती, पत्नी आणि मुलं एवढेच असतील तर साठीच्या जोडप्याची 5 लाखांची वेगळी पॉलिसी वर्षाला सहज 40,000 च्या पुढे जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, एवढाच दिलासा. शिवाय वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लावता येतो. तुम्ही त्यांच्यापासून दूर जाणार त्याच वर्षांत त्यांचा विमा उघडा पडणं परवडणारं नाही. राजीनाम्याआधी पॉलिसी काढा, नंतर नाही.

इतकं वाचून वाटेल की उत्तर नाही असं आहे. तसं नाही. मागणी चुकीच्या गोष्टीची केली तर उत्तर नाही आहे.

पगार वाढवून मागितला तर काय होतं बघा. घराला दिलासा वाटावा म्हणून महिन्याला 20,000 जास्त हातात हवे असतील तर ठरलेला भाग वर्षाला तब्बल 4 लाखांनी वाढावा लागतो, कारण आता 12 लाखांची रेषा ओलांडून कर सुरू होतो आणि मधे पीएफ-ग्रॅच्युइटीही कापली जाते. 14.4 ची ऑफर 18.4 करा, असं कुठलाही एचआर मान्य करणार नाही.

त्याऐवजी ऑफिसचे दिवस मागा. डिझाइनचं काम हे मशीनजवळ उभं राहून करायचं काम नाही, ड्रॉइंग आणि सिंगल लाइन डायग्राम कुठूनही होतात. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस मिळालं तर डोंबिवलीत राहूनही तास 275 वरून 243 वर येतात आणि तासाचा भाव 243 वरून 278 होतो. पगारात एक रुपया न वाढता 14-15 टक्के वाढ. आणि आठवड्यातून लागून दोन दिवस ऑफिस मिळालं, समजा मंगळवार-बुधवार, तर घर हलवायचीच गरज नाही. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्स्प्रेस पकडून ठाण्याला उतरायचं, लोकलने घाटकोपर, मेट्रोने चकाला. एक रात्र मुंबईत, बुधवारी संध्याकाळी परत. प्रवास आणि मुक्काम मिळून महिन्याला 12,000 धरा. हातात 79,243 राहतात, म्हणजे पेट्रोल वजा जाता आज उरतात त्यापेक्षा 21,000 जास्त. पत्नीची नोकरी जागेवर, मुलगी आजीजवळ, आईवडील सोबत. प्रवासाचे तास धरूनही भाव तासाला सुमारे 337 पडतो. या व्यवस्थेसाठी मी 14.4 चे 13 लाख करायलाही तयार राहीन, आणि तुम्हीही राहा. मंगळवारी ऑफिसला पोचायला 11 वाजतील हे मात्र आधीच बोलून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते.

यात बिघडतं कुठे? ऑफर लेटरमध्ये. मुलाखतीत साहेब तोंडी सांगतात की हायब्रिड आहे, आणि पत्रात लिहिलेलं असतं की कामाचं ठिकाण अंधेरी, कंपनी गरजेनुसार कुठेही बदली करू शकते. सहा महिन्यांनी साहेब बदलतो, धोरण बदलतं आणि पाच दिवस यायला सांगतात. म्हणून पत्रात तीन ओळी मागा: आठवड्यातून ऑफिसचे दिवस किती, बाकीचे दिवस कामाचं ठिकाण नाशिकचं घर, आणि हे बदलायचं असेल तर किमान 90 दिवसांची लेखी सूचना. कंपनी तिसरी ओळ द्यायला कुरकुरते. पहिल्या दोन मिळाल्याशिवाय मात्र हो म्हणू नका. जॉइनिंग बोनस देत असतील तर तो किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागेल आणि करासकट परत करायचा की हातात आला तेवढाच, हे वाचा. करासकट असेल तर तुम्हाला न मिळालेले पैसेही द्यावे लागतात.

दोन दिवसांचं जमलं नाही, पाच दिवस यावंच लागेल असं ते म्हणाले, तर माझं मत: आज या आकड्यांवर जाऊ नका. एक अपवाद सांगतो आणि तो खरा आहे. नाशिकला स्विचगिअरचे मोठे कारखाने आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही गेली दोन वर्षं त्याच पॅनेलच्या त्याच ड्रॉइंगमध्ये छोटे बदल करत असाल आणि वर सरकायची जागा वरच्या माणसाच्या निवृत्तीनंतरच होणार असेल, तर 33 हे वय थांबण्याचं नाही. कन्सल्टन्सीत सबस्टेशन, डेटा सेंटर, मेट्रो अशा वेगवेगळ्या प्रकल्पांचं डिझाइन हाताखालून गेलं तर दोन-तीन वर्षांनी तुमची किंमत बदलते आणि नंतर नाशिकला बसून बाहेरचं काम घेता येतं. तेव्हा नफा 8,000 चाच असला तरी बाकीची ओढाताण शिकण्याचा खर्च म्हणून बघता येईल. पण त्यासाठी मुलाखतीत विचारा: पहिल्या वर्षात मला कोणते प्रकल्प मिळतील, क्लायंटसमोर मी असेन की फक्त ड्राफ्टिंग? उत्तर गोलमोल आलं तर तो अपवाद तुमच्यासाठी नाही.

आणि जायचंच ठरलं तर आधी रजा काढून तीन दिवस तो प्रवास करा. रविवारी नाही. सोमवारी सकाळी पावणेआठला डोंबिवलीच्या त्या घराजवळून निघा, फास्ट पकडा, घाटकोपरच्या पुलावरून जा, चकाल्याला उतरा. संध्याकाळी साडेसहाला उलट. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलने बसायला मिळतं का, त्यासाठी किती आधी यावं लागतं, हे तेव्हाच कळेल. जमलं तर एक दिवस पावसाळ्यातला धरा. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वेचं काय होतं ते एकदा अनुभवलेलं बरं. घर बघायला संध्याकाळी उशिरा जा आणि वॉचमनला विचारा की पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का. पत्नीला सोबत न्या.

राहिली तारीख. तुमची 4 वर्षं 7 महिने झाली आहेत. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, आणि तुमची रक्कम आहे 35,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे 1,00,962, करमुक्त. चार वर्षं आणि पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी हक्क मिळतो असं काही न्यायालयांनी मानलं आहे, पण प्रत्येक कंपनी तसं देतेच असं नाही आणि एक लाखासाठी वाद घालत बसणं तुम्हाला परवडणार नाही. नोटीस 60 दिवसांची असेल तर आज राजीनामा दिल्यास 4 वर्षं 9 महिन्यांवर बाहेर पडाल. तीन महिन्यांहून थोडं जास्त थांबून राजीनामा दिला तर पाच वर्षं नोटीसच्या काळातच पूर्ण होतात. नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीख पाच महिन्यांनंतरची मागा. ते तीन महिन्यांवर आले तर बुडणारे 1,00,962 जॉइनिंग बोनस म्हणून मागा, आणि त्यावर कर लागेल हे धरून थोडे जास्तच मागा. पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या खात्यात वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावरही कर बसतो. आणि नव्या कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र हातात आल्याशिवाय सातपूरला राजीनाम्याचा मेल पाठवू नका.